लेथ, वेठ आणि दान

स्मरणिका ही संस्थेच्या वाटचालीची नोंद असते. किती मुले शिकून गेली, किती अधिकारी झाले, किती इमारती उभ्या राहिल्या याचा हिशेब तीत असतो आणि तो असावाच. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्या समाजाचे मूल निवासी शाळेच्या ओसरीतून निघून विद्यापीठाच्या पायरीपर्यंत पोहोचते, तेव्हा त्याची नोंद छापील पानावर राहिली पाहिजे. परंतु स्मरणिकेचे दुसरेही एक कर्तव्य आहे. जे झाले त्याच्या आनंदात जे राहून गेले त्याचा विसर पडू नये, हे तिने पाहावे. त्या भूमिकेतून आम्ही येथे एक विषय मांडत आहोत. तो वरकरणी किरकोळ वाटेल. विषय आहे लाकूड कातण्याचा लेथ, त्याभोवती जमणारी माणसे आणि त्यांच्या हातून घडणारे समाजकार्य.

‘कातणे’ हा शब्द आज आपण सुतापुरता वापरतो. पूर्वी लाकूड फिरवून त्याला गोल आकार देण्यालाही कातणेच म्हणत. हे काम करणारा तो कातारी, आणि त्याच्या हातून उतरलेले काम ते कातीव. सुतार लाकूड स्थिर ठेवून त्यावर हत्यार चालवतो. कातारी लाकूड फिरते ठेवतो आणि आधारपट्टीवर टेकवलेली पटाशी त्याला हलकेच भिडवतो. पोळीचे लाटणे, मुलांचा भोवरा, ताक घुसळण्याची रवी, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, बुद्धिबळाची प्यादी या साऱ्या वस्तू या एका क्रियेतून जन्माला आल्या. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी आणि कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी आजही प्रसिद्ध आहेत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडावर चढतो. हे काम डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य ते विसरत नाही.

आमच्या वस्तीतील घरांना हा शब्द वेगळ्या वाटेने परिचित झाला. आय.टी.आय.मधील ‘टर्नर’ हा अभ्यासक्रम पूर्ण करून कित्येक तरुण रेल्वेच्या कार्यशाळांत आणि कारखान्यांत लागले. त्यांचा लेथ लोखंड कातणारा होता. त्या एका नोकरीवर भावंडांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने झाली, गावी पक्के घर उभे राहिले. म्हणजे लेथ हा शब्द आपल्याला परका नाही. मात्र तो आपल्याकडे पोटासाठी आला. पोटाचा प्रश्न नसताना, कोणाचा हुकूम नसताना, केवळ शिकावेसे वाटले म्हणून लेथपाशी उभे राहण्याचा प्रसंग आपल्यातील फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल.

असे उभे राहणारी माणसे जगात आहेत. ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स’ ही संस्था १९८६ साली स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल या शहरात आहे आणि तिच्याशी साडेतीनशेच्या आसपास स्थानिक मंडळे जोडलेली आहेत. ब्रिटनमध्येही अशीच एक देशव्यापी संघटना १९८७ पासून काम करते. या मंडळांचे सर्वसाधारण स्वरूप असे असते : महिन्यातून एकदा सभासद एखाद्या शाळेच्या कार्यशाळेत, चर्चच्या सभागृहात किंवा एखाद्याच्या गॅरेजमध्ये जमतात. एक जाणता सभासद लेथवर काम करून दाखवतो, बाकीचे पाहतात आणि प्रश्न विचारतात. घरून करून आणलेल्या वस्तू टेबलावर मांडल्या जातात. त्यांची स्तुती होते तसे दोषही दाखवले जातात. नवख्याला हत्यार कसे धरावे, त्याला धार कशी लावावी, ते लाकडात अडकले तर काय करावे, हे जुना माणूस शिकवतो. सभासदांत सेवानिवृत्त अभियंते असतात, शिक्षक असतात, डॉक्टर असतात, ट्रकचालक असतात. कोणीही आपल्या आजोबांचा धंदा सांगून प्रवेश मागत नाही आणि कोणालाही त्या कारणाने दार बंद होत नाही.

आमचे लक्ष वेधले ते या मंडळांच्या समाजकार्याने. अमेरिकेत कर्करोगाने वा अन्य गंभीर आजाराने रुग्णालयात असलेल्या मुलांसाठी ‘बीड्स ऑफ करेज’ नावाचा एक उपक्रम चालतो. उपचाराच्या प्रत्येक टप्प्यासाठी मुलाला एक मणी मिळतो. सुई टोचली तर काळा, केमोथेरपी झाली तर पांढरा, रुग्णालयात रात्र काढली तर पिवळा. वर्ष-दोन वर्षांत त्या मण्यांची लांबलचक माळ होते आणि आपण काय काय सोसले हे ते मूल दुसऱ्याला मोजून दाखवू शकते. हे मणी ठेवण्यासाठी झाकणाच्या लाकडी डब्या लागतात. त्या डब्या देशभरातील वुडटर्निंग मंडळांचे सभासद कातून विनामूल्य देतात. डबी बनवणारा मुलाला ओळखत नाही, मूलही त्याला ओळखत नाही. झाकण मात्र असे बसले पाहिजे की सलाइन लावलेल्या अशक्त हातालाही ते सहज उघडता यावे. कारागिराची सगळी परीक्षा त्या झाकणात असते.

औषधांमुळे केस गेलेल्या स्त्रियांसाठी टोप ठेवण्याचे लाकडी स्टँड ही मंडळे करून देतात. नाताळच्या सुमारास गरजू मुलांसाठी भोवरे आणि खेळणी करतात. १९९० साली मिशिगन राज्यातील एका शाळेत कलाशिक्षक आणि विद्यार्थ्यांनी ‘एम्प्टी बोल्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांनी मातीचे वाडगे केले, लोकांना बोलावून त्यांत साधे सूप आणि पाव वाढला, जेवणाऱ्याने वर्गणी दिली आणि रिकामा वाडगा आठवण म्हणून घरी नेला. गोळा झालेला पैसा भुकेल्यांच्या अन्नासाठी गेला. पुढे हा उपक्रम अनेक ठिकाणी पसरला आणि कातारी मंडळेही आपले लाकडी वाडगे त्यात देऊ लागली. त्याचा आरंभ एका शाळेत झाला, ही गोष्ट आमच्यासारख्या शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. परदेशातील चांगले चित्र दाखवून स्वदेशाला नावे ठेवणे सोपे असते आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते शोभत नाही. ही मंडळे आकाशातून पडलेली नाहीत. लंडनमधील कातारींच्या संघाला १६०४ साली राजाची सनद मिळाली होती. त्या काळी असे संघ आपला धंदा मुठीत ठेवीत आणि सात-सात वर्षांची उमेदवारी केल्याखेरीज कोणाला हत्यार धरू देत नसत. इंग्लंडच्या हाय विकोम्ब परिसरातील बीच वृक्षांच्या जंगलात खुर्च्यांचे पाय कातणारे मजूर पिढ्यानपिढ्या तुटपुंज्या मोबदल्यात राबले. यंत्रांनी त्यांचा धंदा गिळल्यानंतर, विसाव्या शतकात, त्याच कामाचा छंद झाला. अमेरिकेत तर कुशल सुतारांत आणि लोहारांत असंख्य कृष्णवर्णीय गुलाम होते. त्यांच्या हातचे काम मालकाच्या नावावर जमा होई. उत्तर कॅरोलिनातील मिल्टन गावचा टॉमस डे हा स्वतंत्र कृष्णवर्णीय कारागीर एकोणिसाव्या शतकात फर्निचरसाठी नावाजला, पण तो अपवादच. आजही या मंडळांत वयस्क आणि सुस्थितीतील गोऱ्या पुरुषांचा भरणा अधिक असतो आणि स्त्रियांनी यावे म्हणून त्यांच्या राष्ट्रीय संघटनेला वेगळा प्रयत्न करावा लागतो. तेव्हा तो समाज निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही.

तरीही एक फरक उरतो. इंग्लंडमधील संघाचे दार जड होते, पण उमेदवारीची सात वर्षे भरली की ते उघडत असे. आपल्याकडील दार जन्माच्या क्षणी बंद होत असे आणि मरेपर्यंत उघडत नसे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात हेच सप्रमाण मांडले. जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही; ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून उतरंडीने रचते, आणि त्या रचनेत व्यक्तीच्या आवडीला किंवा क्षमतेला जागाच ठेवत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. लादलेल्या धंद्याविषयी माणसाच्या मनात तिटकारा उत्पन्न होतो आणि तो काम टाळू पाहतो, हेही त्यांनी त्यात दाखवले. आपल्या देशात शारीरिक कामाला प्रतिष्ठा का नाही, याचे उत्तर शोधणाऱ्याने प्रथम तेथे जावे.

आपल्या समाजाला या व्यवस्थेने दोन बाजूंनी जखमी केले. पहिली जखम वेठीची. महार वतनाच्या नावाखाली गावाची पडेल ती कामे रात्री-अपरात्री करावी लागत, आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. या कामांना ‘सेवा’ हेच नाव होते, हे विसरू नये. गावाची सेवा, सरकारची सेवा, देवाची सेवा. म्हणूनच आमच्या वडीलधाऱ्यांना ‘सेवा’ हा शब्द ऐकला की अंगावर काटा येत असे.

दुसरी जखम तितकीच खोल आहे, पण तिची चर्चा कमी होते. ती कौशल्य नाकारले जाण्याची. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, हे त्यामागचे कारण. विणकाम खात्यात पगार अधिक होता. अस्पृश्यांना कमी पगाराच्या खात्यांत ठेवले गेले. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. म्हणजे एकीकडे नको असलेले काम सक्तीने करून घ्यायचे आणि दुसरीकडे हवे असलेले काम शिकू द्यायचे नाही, अशी ही दुहेरी कोंडी होती. ज्याला ही कोंडी ठाऊक आहे तोच हातातील कौशल्य आणि मनातील इच्छा यांचा संबंध नीट समजू शकेल.

आता मुद्द्याकडे येतो. आमच्या मते प्रत्येक निवासी शाळेत, आणि आपल्या संस्थेत तर अवश्य, लाकूड कातण्याची एक लहान कार्यशाळा असावी आणि तिच्याभोवती विद्यार्थी, माजी विद्यार्थी व परिसरातील कारागीर यांचे एक मंडळ उभे राहावे.

यावर पालकांचा आक्षेप काय असेल, हे आम्ही जाणून आहोत. ‘गुरुजी, हातातली कुऱ्हाड आणि कुदळ सुटावी म्हणून तर पोराला इथं ठेवलं. आता तुम्हीच त्याच्या हातात पटाशी देता?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याच्यामागे इतिहास आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. तिला ‘कुलकर्म शिक्षण’ असे नाव पडले, पेरियारांनी आणि इतरांनी तिच्याविरुद्ध आंदोलन उभारले आणि पुढच्याच वर्षी, १९५४ साली, ती मागे घ्यावी लागली. शाळेतून जात शिकवण्याची ती क्लृप्ती होती. हस्तव्यवसायाच्या नावाखाली असे काही पुन्हा येत असेल, तर त्याला विरोध करणाऱ्यांत आम्ही पुढे असू.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांतही हा वाद होऊन गेला आहे. १८८१ साली सुरू झालेल्या टस्कीगी संस्थेतून बुकर टी. वॉशिंग्टन यांनी औद्योगिक शिक्षणावर भर दिला. डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९०३ साली त्यावर कठोर टीका केली. हस्तकौशल्याला त्यांचा विरोध नव्हता. ते शिकवून समाजाला तेवढ्यावरच थांबवण्याला, उच्च शिक्षण आणि राजकीय हक्क यांचा दावा सोडून देण्याला त्यांचा विरोध होता. याच दु बॉइस यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ साली पत्रव्यवहार केला होता.

बाबासाहेबांनी स्वतः या दोन वाटांपैकी एकच निवडली नाही. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय उभे केले. उच्च शिक्षणाचा त्यांचा आग्रह सर्वांना माहीत आहे. परंतु १९४२ साली सरकारला सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्य तरुणांना तांत्रिक प्रशिक्षण मिळावे अशीही त्यांची मागणी होती, आणि व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. नाकारलेले प्रत्येक दार उघडले पाहिजे. त्यातून आत जायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही बाबासाहेबांच्या या कार्याचा अर्थ असा लावतो.

धम्माच्या दृष्टीनेही लेथ आपल्याला परका नाही. सतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे लक्ष कसे द्यावे हे समजावताना तथागतांनी उपमा घेतली ती कातारीची. पालीत त्याला भमकार म्हणतात. कुशल भमकार किंवा त्याचा शिष्य लांब फेरा घेताना लांब फेरा घेत आहोत हे जाणतो आणि आखूड फेरा घेताना आखूड. तसेच साधकाने आपला दीर्घ वा ऱ्हस्व श्वास जाणावा, असा तिचा भाव आहे. ध्यानासारख्या गहन विषयासाठी शास्त्यांना यज्ञशाळेतील पुरोहित आठवला नाही, लाकूड कातणारा कारागीर आठवला. त्या सुत्तात शिष्यासाठी आलेला शब्द आहे अंतेवासी, म्हणजे गुरूपाशी राहून शिकणारा. आपल्या वसतिगृहातील मुले अंतेवासीच आहेत. रोज सायंकाळी वंदनेनंतर आपण त्यांना दहा मिनिटे डोळे मिटून बसवतो आणि त्यांतील निम्मी पेंगतात. फिरत्या लाकडासमोर कोणी पेंगू शकत नाही. तेथे चित्त हातापाशी आले नाही तर हत्यार लाकडात रुतते आणि केलेले काम क्षणात बिघडते. एकाग्रतेची ही शिकवण उपदेशाने साधत नाही.

कार्यशाळा कशी असावी, याविषयी आमच्या काही अटी आहेत, आणि त्या मान्य नसतील तर कार्यशाळा न काढलेली बरी.

पहिली अट म्हणजे तिच्यामुळे गणित, विज्ञान, इंग्रजी यांचा एकही तास कमी होऊ नये. दुसरी, ती ऐच्छिक असावी. ज्याला यायचे नाही त्याने ग्रंथालयात बसावे, त्याला कोणी आळशी म्हणू नये. तिसरी, मुलींना ती पहिल्या दिवसापासून खुली असावी. आधी मुले शिकतील, मग पाहू, हे नको. चौथी, विद्यार्थ्यांनी केलेल्या वस्तू विकून संस्थेने पैसा उभा करू नये. विक्री सुरू झाली की मुले मजूर होतात, मग नाव काहीही असो. पाचवी, शिकवायला येणाऱ्या कारागिराला, मग तो कोणत्याही जातीचा असो, शिक्षकाइतके मानधन द्यावे, त्याला खुर्ची द्यावी आणि मुलांनी त्याला ‘सर’ किंवा ‘गुरुजी’ म्हणावे. फाटक्या सदऱ्यातील माणसापुढे आपली मुले शिष्यभावाने उभी राहिली तर सामाजिक शास्त्राचा एक मोठा धडा न शिकवताच होईल. सुरक्षिततेविषयी तडजोड नसावी : तोंडावर पारदर्शक मुखवटा, धुळीसाठी नाकाला पट्टी, मोकळी बाही, ओढणी किंवा गळ्यातील माळ लेथपाशी नको, आणि मोठ्या माणसाखेरीज यंत्र सुरू करायचे नाही.

मुलांनी काय करावे? प्रथम भोवरे आणि लाटणी, कारण त्यांत चूक झाली तरी लाकूड फारसे वाया जात नाही. हात बसल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेतील पहिलीच्या मुलांसाठी मोजणीचे मणी, अंगणवाडीसाठी खेळणी, वस्तीतील म्हाताऱ्या माणसांच्या काठीसाठी तळहातात नीट बसेल अशी मूठ. लाकूड विकत आणण्याची गरज नाही. वाऱ्याने पडलेला आंबा, छाटलेली बाभूळ, शिवण, हळदू यांचे तुकडे पुरेसे आहेत.

आणि त्यापुढे डब्या. आपल्या विदर्भात सिकलसेलच्या आजाराने किती घरे ग्रासली आहेत, हे येथील पालकांना सांगावे लागत नाही. आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या बौद्ध समाजातही तो आजार आहे. हाडांत कळा उठल्या की मूल पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल होते, रक्त चढवावे लागते, शाळा बुडते, वर्गातील मुले विचारतात की तू सारखा घरी का जातोस. त्या मुलाच्या उशाशी त्याच्या वयाच्या दुसऱ्या मुलाने कातलेली, झाकण नेमके बसणारी एक डबी असावी. तिच्यात त्याने मणी ठेवावेत, गोट्या ठेवाव्यात, काहीही ठेवावे. मात्र यात आमची दिशाभूल होता कामा नये. डबी हे औषध नव्हे. तपासणी, औषधे, सुरक्षित रक्त हा त्या मुलाचा हक्क आहे आणि तो पुरवणे हे शासनाचे कर्तव्य आहे. समाजकार्याच्या टाळ्यांत ते कर्तव्य झाकले जात असेल, तर डबी देणाऱ्या हातांनीच निवेदनही लिहिले पाहिजे. अमेरिकेत रिकाम्या वाडग्यांनी भूक संपलेली नाही, हेही लक्षात ठेवावे.

येथे आपल्या घरातील एका सवयीबद्दल बोलणे भाग आहे. बहुतेक निवासी शाळांत, आणि त्यात आपल्याही चळवळीच्या शाळा आल्या, सकाळच्या झाडलोटीला, पाणी भरण्याला, मैदान साफ करण्याला ‘श्रमदान’ म्हणतात. सामूहिक जीवनात ही कामे सर्वांनी वाटून करावीच लागतात. त्याला आमची हरकत नाही. पण ज्याला नकार देता येत नाही ते दान नव्हे. त्याला कामाची पाळी म्हणावे. ती फळ्यावर लिहावी, सर्वांना सारखी लावावी आणि शिक्षकांनीही त्यात आपले नाव घालावे. दान हा शब्द आपल्या धम्मात पहिल्या पारमितेसाठी वापरला जातो. त्यात चेतना, म्हणजे देण्याची स्वतःची इच्छा, हाच प्राण आहे. सक्तीच्या कामाला दानाचे नाव देणे आणि वतनाच्या वेठीला सेवेचे नाव देणे यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही. ज्या मुलांच्या पणजोबांनी वेठ केली, त्यांना तरी हा भेद शाळेत शिकवला गेला पाहिजे.

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गावाने आपल्या पूर्वजांच्या हातून काम घेतले, पण त्यांच्या हातची वस्तू घेतली नाही. त्यांनी भरलेले पाणी चालत नव्हते, त्यांनी दिलेली भाकरी चालत नव्हती. घेणारा आणि देणारा या नात्यात ते नेहमी घेणाऱ्याच्या बाजूला, तेही उष्टे आणि उतरलेले घेणाऱ्याच्या बाजूला, उभे केले गेले. आपल्या शाळेतील मुलगी स्वतः कातलेले मणी घेऊन गावच्या शाळेत जाते, कोणत्याही जातीचे लहान मूल ते हातात घेते आणि एक, दोन, तीन असे मोजू लागते, तेव्हा हे जुने नाते उलटे होत नाही; ते बरोबरीचे होते. देणारी कोणाची मिंधी नाही आणि घेणारे कोणाचे उपकृत नाही. मैत्री हा शब्द आपण वंदनेत रोज उच्चारतो. त्याला हातात धरता येईल असे रूप द्यायचे असेल तर ते यापेक्षा वेगळे कसे असेल, हे आम्हाला सुचत नाही.

संचालक मंडळाने यासाठी मोठी इमारत बांधू नये. हवा खेळती असलेली एक खोली, दोन लहान लेथ, एक सहाणयंत्र आणि आठवड्यातील दोन संध्याकाळी पुरेत. आपल्या माजी विद्यार्थ्यांत आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांत कारखान्यांतून आणि रेल्वेतून निवृत्त झालेले टर्नर आहेत. लोखंडात आयुष्य घालवलेल्या त्या हातांना लाकूड जड जाणार नाही. सेवानिवृत्तीनंतर केवळ जयंतीच्या मंडपात पुढच्या रांगेत बसण्यासाठी त्यांना बोलावण्यापेक्षा एखाद्या बुधवारी कार्यशाळेत बोलवावे. त्यांच्याकडे जे आहे ते प्रमाणपत्रात उतरलेले नाही आणि त्यांच्याबरोबर ते जाऊ देणे संस्थेला परवडणारे नाही.

ही स्मरणिका हाती पडेल त्या सर्वांना आमची विनंती आहे की या प्रस्तावावर चर्चा व्हावी, त्याला विरोध असेल तर तोही स्पष्टपणे मांडला जावा. मान्य झाला तर पहिले लाकूड आम्ही आणून देऊ. शाळेच्या मागील बाजूस गेल्या वादळात पडलेला आंबा अजून तसाच आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.